लिनक्ससाठी पीसी जुळवताना: खोक्यावरचं नाव नको, आतली चिप बघा

काही वर्षांपूर्वी मी एक यूएसबी वायफाय डोंगल घेतला होता. मॉडेलचं नाव नीट शोधलं, लिनक्सवर चालतो असं दोनचार ठिकाणी वाचलं, मगच पैसे दिले. घरी आणून लावला तर मशीनला तो दिसेचना. खोकं उलटं करून पाहिलं तेव्हा मागे बारीक अक्षरांत ‘आवृत्ती २’ असं छापलेलं सापडलं. नाव तेच, किंमत तीच, पण आतली चिप दुसऱ्याच कंपनीची, आणि तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता. बाहेरून कोड आणून ड्रायव्हर बांधला, तो चाललाही. पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा बंद पडला. तेव्हापासून कुठलाही भाग घेताना मी आधी चिपचं नाव शोधतो आणि मग खोक्याकडे बघतो.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या मामेभावासाठी एक मशीन जुळवलं. तो सी प्लस प्लसचे मोठे प्रकल्प कंपाइल करतो (लिहिलेल्या कोडातून चालणारा प्रोग्राम बनवतो), सोबत पाचसहा कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) आणि दोन व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारी आभासी मशीन) चालू असतात, अधूनमधून थोडं व्हिडिओ एडिटिंग. गेम अजिबात नाहीत. तेच मशीन डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहितोय. तुमचं काम वेगळं असेल तर भाग बदलतील, निवडायची रीत तीच राहील.

पहिली पायरी: दोन तारखा जुळवा

विंडोजमध्ये ड्रायव्हर देणं ही उत्पादकाची जबाबदारी असते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. म्हणून इथे दोन तारखा महत्त्वाच्या ठरतात: भाग बाजारात कधी आला, आणि तुमच्या डिस्ट्रोचा (डेबियन, उबुंटू, फेडोरा असा लिनक्सचा तयार संच) कर्नल केव्हाचा आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आला, त्याचा कर्नल ६.१. उबुंटू २४.०४ चा मूळ कर्नल ६.८. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ चा, कर्नल ६.१२. फेडोरात मात्र एकाच आवृत्तीच्या आयुष्यात नवे कर्नल येत राहतात. आता मार्च २०२५ मध्ये आलेलं एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० हे ग्राफिक्स कार्ड डेबियन १२ वर बसवलं, तर कार्डात काही खोट नसूनही ते नीट चालणार नाही. कर्नल कार्डाच्या जन्माआधीचा आहे.

कर्नलच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज. वायफाय आणि ग्राफिक्सच्या चिपा सुरू होताना त्यातल्या फाइली मागतात. दुसरी म्हणजे ग्राफिक्ससाठी मेसा, ग्राफिक्स ड्रायव्हरचा कर्नलबाहेरचा वरचा भाग. कर्नल नवा आणि फर्मवेअर जुनं असलं, तरी वायफाय मुका राहतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर १२व्या आवृत्तीपासून सोबतच येतं. त्याआधी ते वेगळं आणावं लागायचं आणि नवखी माणसं तिथेच अडकायची.

माझा नियम साधा आहे. डेबियन किंवा उबुंटूची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती हवी असेल, तर त्या आवृत्तीच्या निदान सहा महिने ते वर्षभर आधी बाजारात आलेले भाग घ्या. भाग अगदी ताजेच हवे असतील तर फेडोरा घ्या. मामेभावाला उबुंटू २४.०४ हवं होतं, त्यामुळे २०२३ पर्यंतचे भाग असं आधीच ठरलं. यादी तिथेच अर्धी झाली.

दुसरी पायरी: प्रोसेसर आणि रॅम एकत्र ठरवा

कंपाइल करणाऱ्या माणसाला कोअर लागतात, आणि जितके कोअर तितकी रॅम. सी प्लस प्लसच्या मोठ्या प्रकल्पात एकेक जॉब (एका वेळी चालणारं कंपाइलचं एक काम) सहज एक ते दोन जीबी खातो. एका वेळी २४ कामं चालवणाऱ्या, म्हणजे २४ थ्रेडच्या, प्रोसेसरवर २४ जॉब सोडले, वर व्हर्च्युअल मशीन चालू असली, तर ३२ जीबीत मशीन स्वॅपमध्ये जातं, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरू लागतं. कंपाइलचा वेळ वाचवायला घेतलेला प्रोसेसर मग नुसता वाट बघत बसतो. म्हणून १२ कोअर किंवा त्यापुढे जायचं असेल तर ६४ जीबी धरूनच हिशेब करा. तेवढं बजेट नसेल तर ८ कोअर आणि ३२ जीबी ही जोडी १२ कोअर आणि १६ जीबीपेक्षा कितीतरी बरी.

आम्ही एएमडीचा रायझन ९ ७९०० घेतला. १२ कोअर, २४ थ्रेड, ६५ वॉटचा. त्याचा थोरला भाऊ ७९५०एक्स १७० वॉटचा, आणि भरपूर काम मिळालं की स्वतःला ९५ अंशांपर्यंत तापू देणं हे त्याच्या आखणीतच आहे. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना असा प्रोसेसर खोलीत ठेवायचा, तर आधी खोलीचा विचार करावा लागतो. एक्सवाला प्रोसेसर आधीच घरात असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, मशीन सुरू होताना चालणारं) इको मोड लावून त्यालाही ६५ वॉटच्या वर्गात आणता येतं. वेग थोडाच घटतो, उष्णता खूप घटते.

इंटेल वाईट आहे असं नाही. रिकामं बसलेलं असताना त्यांचं मशीन कमी वीज खातं, आणि व्हिडिओ एन्कोड-डीकोडसाठी त्यांचं क्विकसिंक लिनक्सवर नीट चालतं. पण १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या वर्गाचे डेस्कटॉप प्रोसेसर घेताना, विशेषतः जुने वापरलेले, एक गोष्ट पाळा. चढ्या व्होल्टेजमुळे ते कायमचे अस्थिर होण्याची अडचण होती, आणि ती आवरणारे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बायोससोबत येणाऱ्या) २०२४ मध्ये आले. आधी बायोस अपडेट, मग बाकी सगळं. अपडेट न करता वर्षभर राबवलेला प्रोसेसर मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.

आता रॅम. दोनच काड्या घ्या. चार स्लॉट दिसतात म्हणून १६ च्या चार काड्या भरू नका. रायझन ७००० वर दोन काड्यांना ५२०० चा अधिकृत वेग मिळतो, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ३२ च्या दोन काड्या म्हणजे ६४ जीबी, आणि वेगही शाबूत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. पैसे पुरत नसतील तर ८ च्या दोन घेण्यापेक्षा आज ३२ ची एकच काडी घ्या आणि नंतर त्याच मॉडेलची दुसरी जोडा. तोवर एकाच चॅनलवर थोडा वेग जाईल, पण काही टाकून द्यावं लागणार नाही.

ईसीसीबद्दल दोन शब्द. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ईसीसी रॅम तो पकडते आणि दुरुस्त करते. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी साध्या ग्राहकांपासून ईसीसी दूर ठेवल्याबद्दल इंटेलवर उघड टीका केली होती, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. रायझनच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये सोय आहे, पण मदरबोर्डाने ती चालू ठेवलेली हवी. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ‘ईसीसी यूडीआयएमएम’ (डेस्कटॉपच्या ईसीसी काड्या) स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. इंटेलमध्ये १२व्या ते १४व्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. डीडीआर५ च्या जाहिरातीत जो ‘ऑन-डाय ईसीसी’ असतो तो चिपेच्या आतल्या आतला आहे, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तो राखण करत नाही. हिशेबाचा किंवा संशोधनाचा डेटा वर्षानुवर्षं जपायचा असेल तर खऱ्या ईसीसीवर खर्च करा. मामेभावाचा कोड रोज सर्व्हरवर जातो, म्हणून आम्ही साधी रॅम घेतली.

तिसरी पायरी: मदरबोर्ड, आणि इथे घाई नको

दुकानात मदरबोर्ड दाखवतात तो रंगावर, दिव्यांवर आणि गेमिंगच्या नावांवर. लिनक्सवाल्याने त्यावरच्या चार चिपांची नावं बघायची.

नेटवर्क केबलची चिप: रिअलटेकची २.५ गिगाबिटवाली आरटीएल८१२५ कर्नलमधल्या आर८१६९ या ड्रायव्हरवर चालते. इंटेलच्या आय२२५-व्हीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत हार्डवेअरचाच दोष होता, जुन्या साठ्यातला बोर्ड घेताना त्यापासून सांभाळा.

वायफाय: हा सगळ्यांत फसवा भाग. कंपनीच्या पानावर पुष्कळदा दोन-तीन मॉड्यूलांची नावं ‘किंवा’ घालून लिहिलेली असतात. तुमच्या खोक्यात कोणतं निघेल हे खोकं उघडल्यावरच कळतं. इंटेलचं एएक्स२१० असेल तर कर्नल ५.१० पासून निर्धास्त राहा. मीडियाटेकची एमटी७९२१ आणि ७९२२ उबुंटू २४.०४ वर चालतात. दुसरं काही निघालं तर घाबरू नका, कारण वायफायचं हे मॉड्यूल बहुतेक बोर्डांवर छोट्या एम.२ स्लॉटमध्ये बसवलेलं असतं आणि बदलता येतं. फक्त एएक्स२१० घ्या, एएक्स२११ नको. एएक्स२११ इंटेलच्याच बोर्डावर चालतं. इंटेलचं नवं बीई२०० एएमडीच्या बोर्डावर घालायच्या भानगडीतही पडू नका.

सेन्सर चिप: याकडे कोणी बघत नाही. पंखे किती फिरताहेत, बोर्ड किती तापलाय, हे एक छोटी चिप सांगते. नुवोटॉनची असेल तर कर्नलमधला एनसीटी६७७५ ड्रायव्हर बहुतेक वेळा पुरतो. आयटीईच्या नव्या चिपांना अनेकदा बाहेरचा ड्रायव्हर लागतो. नागपूरसारख्या ठिकाणी पंख्याचे आकडे दिसणं ही चैन नव्हे. आम्ही याच कारणावरून एक बोर्ड नाकारला.

आवाजाची चिप: रिअलटेकच्या नेहमीच्या चिपा चालतात. पुढच्या हेडफोन जॅकची कुरकुर कधी होते, पण त्यासाठी बोर्ड नाकारायचं कारण नाही.

याशिवाय बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असावं. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाचं बायोस तुमच्या प्रोसेसरपेक्षा जुनं असू शकतं. अशा वेळी प्रोसेसर न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून ते नवं करता येतं. ग्राफिक्स कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला द्यायचा बेत असेल, तर बोर्डाचे आयओएमएमयू गट (कोणते भाग एकत्रच द्यावे लागतात ते ठरवणारे) कसे पडतात ते आधी शोधा. बाकीच्यांनी त्यात डोकं घालू नये. आम्ही एक साधा बी६५० चिपसेटचा बोर्ड घेतला.

हे सगळं घर बसल्या शोधायला ‘लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्ग’ या ठिकाणी लोकांनी आपापल्या मशीनच्या नोंदी टाकलेल्या आहेत. बोर्डाचं नाव घाला, कोणती चिप कोणत्या कर्नलवर चालली ते दिसतं. मी आता त्याशिवाय बोर्ड घेतच नाही.

चौथी पायरी: ग्राफिक्स कार्ड खरंच हवं का?

रायझन ७००० मध्ये, नावामागे ‘एफ’ असलेले सोडून, प्रोसेसरमध्येच छोटं ग्राफिक्स आहे. कोड लिहिणं, ब्राउझर, दोन मॉनिटर, सिनेमा बघणं, एवढ्याला ते पुरतं. आधी त्यावर महिनाभर काढा. मामेभावाने अजूनही कार्ड घेतलेलं नाही, आणि तो पैसा रॅममध्ये गेला.

कार्ड लागणारच असेल, तर एएमडीचं घ्या. त्याचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, वरचा भाग मेसात. वेगळं काही बसवायचं नाही, कर्नल बदलला म्हणून पडदा काळा होत नाही. एक अडचण मात्र जाणून घ्या. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने एएमडीच्या मुक्त ड्रायव्हरला एचडीएमआय २.१ ची परवानगी नाकारली. म्हणून ४के पडदा १२० हर्ट्झवर चालवायचा असेल तर मॉनिटर डिस्प्लेपोर्टवाला घ्या. टीव्हीला फक्त एचडीएमआय असतं, तिथे हे आडवं येतं.

एनव्हीडिया कधी? कूडा (एनव्हीडियाच्या कार्डावर जड गणितं चालवायची त्यांचीच व्यवस्था) लागत असेल तेव्हा: मशीन लर्निंग, ब्लेंडरमध्ये रेंडरिंग. तिथे दुसरा पर्याय शोधण्यात महिने घालवू नका. परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. मे २०२२ मध्ये त्यांनी कर्नलमध्ये जाणारा भाग खुला केला, आणि आरटीएक्स ५० मालिकेला तर तो खुला भागच लागतो. वेलँडवर (लिनक्सची पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) पडदा लुकलुकण्याचा त्रास २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून बराच गेला. तरी हा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा आहे हे विसरू नका: डिस्ट्रोच्या भांडारातूनच घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून चालवू नका, आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल करताना विचारलेला पासवर्ड लिहून ठेवा. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तोच मागितला जातो, आणि तिथे गडबडून पुढे गेलं की ड्रायव्हर चढत नाही.

इंटेल आर्कची कार्डं एव्ही१ व्हिडिओ एन्कोड करायला स्वस्त आणि छान आहेत. ए मालिकेला कर्नल ६.२, बी५८० ला ६.१२ पासून पुढचा हवा, आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू हवा, नाहीतर कार्ड रखडतं.

दाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: त्याची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ प्रकारचे व्हिडिओ उघडत नाही. फोनमधली क्लिप आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलावी लागते. कार्डावर खर्च करण्याआधी हे कळलेलं बरं.

पाचवी पायरी: एसएसडी

इथे लिनक्सची फारशी कटकट नाही. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीची जोडणी) ड्रायव्हर सगळीकडे आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची, टीएलसी प्रकारच्या मेमरीची, दोन टीबीची घ्या. क्यूएलसी (एकेका पेशीत जास्त बिट कोंबणारी मेमरी) मोठ्या लिखाणात दमते, आणि कंपाइल तसेच कंटेनर म्हणजे सतत लिखाणच. इंटेल बोर्डावर बायोसमध्ये व्हीएमडी किंवा रेड (RAID, डिस्का एकत्र हाताळणारा) मोड लावलेला असेल तर तो बंद करा, काही इन्स्टॉलरांना त्यामुळे डिस्कच दिसत नाही. एसएसडीचं फर्मवेअर नवं करणारं साधन पुष्कळ कंपन्या फक्त विंडोजसाठी देतात. एफडब्ल्यूअपडी या लिनक्समधल्या साधनातून ते मिळतं का ते आधी बघा, दोन सारख्या एसएसडीतून निवडायचं असेल तर हाच निकष लावा.

सहावी पायरी: एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

आपल्याकडे मशीन मरतं ते बहुतेकदा विजेने, म्हणून एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर करू नका. त्यासाठी मोठे आकडे लागतात असंही नाही. ७९०० पूर्ण जोरात चालला तरी ८८ वॉटच्या आसपास घेतो. कार्ड नसलेलं मशीन २०० वॉटच्या आत राहतं. पुढे कार्ड येईल म्हणून ६५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा, लांब वॉरंटीचा आणि नाव असलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरे. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा घेऊ नका.

यूपीएसच्या खोक्यावर व्हीए लिहिलेलं असतं, वॉट नव्हे. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतो, आणि स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वीज काही एसएमपीएसना मानवत नाही: लाइट जाताच यूपीएस चालू असूनही मशीन धाडकन बंद. परवडत असेल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. यूएसबी पोर्ट असलेला घेतला तर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हे साधन बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करतं. ज्या गावात रात्री तासतासभर लाइट जाते, तिथे यासाठी दिलेले पैसे वसूल होतात.

आणि अर्थिंग तपासा. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या आल्या, तर मशीन बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कूलर हवेचाच घ्या. पाण्याच्या कूलरांची नियंत्रणं बहुधा विंडोजच्या सॉफ्टवेअरवर असतात. लिनक्सवरचं लिक्विडसीटीएल हे साधन काहींनाच चालतं. ७९०० सोबत मिळणारा कूलर ठीक आहे, पण नागपूरसाठी आम्ही मोठा टॉवर कूलर लावला. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, धुता येणाऱ्या फिल्टरचं. दिवे असलेल्या रॅमच्या काड्या आणि पंखे टाळा.

मॉनिटरबद्दल एकच सांगतो, कारण मराठी वाचणाऱ्यालाच ते जाणवतं. २४ इंची १०८० पिक्सेलवर रोमन अक्षरं चालून जातात, पण देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरांच्या गाठी बारीक आकारात एकमेकांत मिसळतात. ‘र्त’ आहे की ‘त’ यासाठी डोळे ताणावे लागतात. २७ इंची १४४० पिक्सेलचा पडदा स्केलिंगशिवाय नीट बसतो. ४के घेतलात तर १५० टक्के स्केलिंग लागेल, ते केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपवर चांगलं चालतं.

सातवी पायरी: खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, प्रत्येक शहरात एखादी गल्ली आहे, आणि ऑनलाइन आहेच. कुठूनही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. १८ टक्के वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या बोर्डाची वॉरंटी मागायला जाल तेव्हा तो वाचवलेला पैसा आठवेल. सगळे भाग एकाच आठवड्यात घ्या. एसएसडी आज आणि बोर्ड दोन महिन्यांनी असं केलं, तर खराब भाग कळेपर्यंत बदलून घ्यायची मुदत संपलेली असते. दुकानदार जुळवून देत असेल तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करताच चालणारा) सोबत न्या आणि तिथेच एकदा सुरू करून बघा.

आठवी पायरी: पहिली रात्र

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहील. डीडीआर५ रॅमची जुळणी चालू असते, त्याला काही मिनिटं लागतात. मामेभावाने दोन मिनिटांत मशीन बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं, आणि रात्री अकराला फोन केला. पंधरा मिनिटं हात लावू नकोस म्हटलं. सातव्या मिनिटाला बायोस आलं.

मग बायोस नवं करा. रॅमचा एक्सपो वेग (खोक्यावर लिहिलेला चढा वेग) अजून लावू नका. साध्या वेगावर मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर काडी परत. सकाळी लाइव्ह पेनड्राइव्हवरून उठवा, टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय हा आदेश ‘के’ हा पर्याय जोडून द्या. प्रत्येक चिपसमोर वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव येतं. वायफाय, नेटवर्क किंवा आवाजाच्या चिपसमोर ते नसेल, तर तो भाग आजच बदलायचा. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज (dmesg) या आदेशात ‘फर्मवेअर’ (firmware) शब्द शोधा, फाइल सापडली नाही अशी तक्रार तिथे दिसते.

डिस्ट्रो बसवल्यावर मशीन झोपवून उठवा, निदान पाच वेळा. झोपेतून न उठणं ही डेस्कटॉपवर हमखास सापडणारी कटकट आहे आणि ती पहिल्याच दिवशी कळायला हवी. त्यानंतर एक्सपो लावा आणि पुन्हा मेमटेस्ट करा. शेवटी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं स्ट्रेस-एनजी तासभर चालवून दुसऱ्या खिडकीत सेन्सर बघत राहा. हे काम दुपारी करा, खोली सर्वांत तापलेली असताना.

सगळं पार पडलं की एचडब्ल्यू-प्रोब चालवून तुमच्या मशीनची नोंद लिनक्स-हार्डवेअरवर टाका. सिरीयल नंबर त्यात उघड जात नाहीत. तोच बोर्ड शोधणाऱ्या पुढच्या माणसाला तुमच्या खोक्यात कोणतं वायफाय निघालं ते तिथे सापडेल.